जिन्यातली खुर्ची

गोल झाला तो एल्मबरोच्या जाळ्यात, आणि विश्वजीतच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आप्पा, जरा बाहेर..." पुढचं त्यानं गिळलं. आप्पा बाहेर जाऊ शकत नव्हते, कारण ते आत नव्हतेच. तसे ते बाहेरही नव्हते. म्हणजे दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत नव्हते. महिना होत आला, ते पडेगावला लेकीकडे, विशाखाताईकडे, राहायला गेले होते. हे विश्वजीतला माहीत होतं, फक्त जिभेला कुणी कळवलं नव्हतं. स्वयंपाकघरात त्याची बायको तनुजा भेंडी चिरत होती, तो आवाज थांबला. मग सुरी पुन्हा सुरू झाली आणि पडद्यावर दुसऱ्या संघाची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून आनंद साजरा करू लागली. विश्वजीत त्यांच्याकडे बघत राहिला. तोंड थोडं उघडंच राहिलं होतं, ते त्यानं मिटलं.

एल्मबरो हे इंग्लंडमधलं लोकरीच्या गिरण्या बंद पडलेलं एक गाव. विश्वजीत तिथं कधी गेला नाही आणि जाणारही नाही, पण त्या गावाच्या मैदानाला कोणत्या गल्लीतून वाट जाते हे तो झोपेत सांगेल. छावणीत जिथं तो राहतो, तिथल्या मागच्या गल्लीचं नाव मात्र त्याला अजून नीट ठाऊक नाही. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर टीव्हीसमोर बसायला जागा मिळावी म्हणून त्यानं कुणाच्याच नसलेल्या एका फुटबॉल संघाची, एल्मबरोची, बाजू घेतली होती. संघ जांभळे शर्ट घालायचा आणि हरायचा. जागेची गरज संपली, होस्टेल संपलं, लग्न झालं, मुलगी राजनंदिनी शिकायला पुण्याला गेली, केस गेले, आणि एल्मबरो तेवढं राहिलं. दरवर्षी ऑगस्ट आला की त्याला वाटायचं, यंदा. ऑगस्टात कुठल्याही संघाचा चाहता हा मुलाचं लग्न ठरलेल्या बापासारखा दिसतो. घडलेलं काहीच नसतं आणि चेहऱ्यावर सगळं पार पडल्याचं समाधान. दिवाळीपर्यंत ते उतरतं. वाळूजच्या ज्या कंपनीत तो मोटारीच्या सुट्या भागांची क्वालिटी बघतो, तिथली पोरंसुद्धा दिवाळीनंतर त्याला स्कोअर विचारत नसत. तेवढी माणुसकी वाळूजमध्ये आहे.

यंदा मात्र एल्मबरोनं सुरुवातीचे सहाच्या सहा सामने जिंकले होते. असं त्या क्लबच्या आजोबांच्या काळातही घडलेलं नसावं. आणि त्या सहा सामन्यांतला एल्मबरोचा एकही गोल आप्पांनी पाहिलेला नव्हता. कारण आप्पा बाहेर होते म्हणून गोल होत होते. हे वाक्य कंपनीत एखाद्या ऑपरेटरनं लिहून आणलं असतं, तर विश्वजीतनं त्याला समोर बसवून शांतपणे समजावलं असतं की बाळा, एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण होत नाही; कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हे तो दर महिन्याला नव्या पोरांना शिकवतो. त्याच्या स्लाइडसुद्धा आहेत, कोंबड्याच्या चित्रासकट. घरी येऊन त्यानं कोंबडं झाकलं होतं.

सुरुवात तर चांगली झाली होती. इतकी चांगली की आता ती आठवू नये म्हणून तो दुसरंच काही आठवायला जाई आणि फिरून तिथंच येई. आई, द्वारकाबाई, गेल्या वर्षी गेली आणि आप्पासाहेब आपली एक पेटी आणि दाढीचा डबा घेऊन मुलाकडे राहायला आले. आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक. मध्यवर्ती स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून माइकवर सिल्लोड, कन्नड, वैजापूर. त्यांना बोलायची सवय होती ती हजार माणसांशी एकदम; एका माणसाशी कसं बोलतात ते त्यांना जमत नसे. विश्वजीतलाही जमत नसे. दोघं सकाळी एकमेकांना "चहा झाला का" विचारायचे आणि संध्याकाळी "जेवण झालं का". मधल्या दिवसाचं काय करायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं. मग ऑगस्टातल्या त्या पहिल्या शनिवारी आप्पा आपणहून सोफ्यावर येऊन बसले. चष्मा पुसला. म्हणाले, "बावीस माणसं अन् कंडक्टर एक बी नाय."

"तो काळ्या कपड्यातला आहे ना शिट्टीवाला, तो कंडक्टर."

"मंग तिकीट कोण फाडतंय?"

"तोच फाडतो. पिवळं अन् लाल."

आप्पा हसले. आईच्या दहाव्यानंतर पहिल्यांदा हसले असावेत. विश्वजीतनं त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं तर थांबतील असं वाटून. मग शिट्टी वाजली, ऑफसाइड. आप्पांनी विचारलं की त्या सोनेरी केसांच्या पोराला का अडवलं, बिचारा एकटाच तर पळत होता. विश्वजीतनं टीपॉयवर पेला, चमचा आणि बडीशेपेची डबी मांडून समजावलं. आप्पा डबीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे गाडी सुटायच्या आधी स्टँडच्या बाहेर जाऊन उभं ऱ्हायचं नाय."

"बरोबर."

"मंग असं सांग की. पेला कशाला?"

पंचेचाळीस मिनिटं हे चाललं. तो पोरगा कुठल्या गावचा, ह्यांना पगार किती, त्या थंड मुलखात अर्ध्या चड्ड्या का. विश्वजीत उत्तरं देत होता आणि त्याच्या लक्षात येत होतं की आपला आवाज कुणातरी लहान मुलाचा झालाय. एल्मबरो एका गोलनं मागं होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. हे असं कधी झालं नव्हतं. मग आप्पा लघवीला उठले, आणि बरोबरीचा गोल झाला.

ते परत आले, बसले, आणि चेंडू एल्मबरोच्या खांबाला लागून थोडक्यात बाहेर गेला. विश्वजीत गमतीत म्हणाला, "आप्पा, परत जा बरं." आप्पाही गमतीत गेले. जिंकायचा गोल झाला. दोघं खूप हसले. तनुजानं बाहेर येऊन विचारलं काय झालं, तर दोघांनाही नीट सांगता येईना. पुढच्या शनिवारी चुरस वाढली तेव्हा आप्पांनी स्वतःच गुडघ्यांवर हात ठेवले, "काय, जाऊ का?" आणि विश्वजीत बसा म्हणाला नाही. गंमत कुठं संपली ते त्याला नंतर पुष्कळ शोधूनही सापडलं नाही. कंपनीत बिघाड कुठून सुरू झाला ते शोधायचं काम तो पगार घेऊन करतो. तिसऱ्या सामन्याला संडासात बसणं तनुजाला गैरसोयीचं झालं म्हणून आप्पांना गॅलरीत हलवलं. गॅलरीच्या काचेतून त्यांना टीव्ही दिसत होता आणि एल्मबरोला गोल जमेना, तेव्हा दाराबाहेर. तिथं जिन्याच्या वळणावर ती खुर्ची ठेवली. मग अधूनमधून कशाला उठबस करा, म्हणून सुरुवातीपासूनच बाहेर.

आप्पांनी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, हा विचार विश्वजीतला आला आणि त्याची त्याला लाज वाटली. बळी जाणाऱ्यानं जरा ओरडावं म्हणजे आपल्याला थांबता येईल अशी ही अपेक्षा. आप्पा तर शनिवारी संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, मनगटाला घड्याळ बांधत, भांग पाडत. "चला, ड्युटी," म्हणत आणि चपला घालून दाराबाहेर तीन पावलांवर जाऊन बसत. गोल झाला की विश्वजीत दार उघडायचा. आप्पा मान वर करून विचारायचे, "सुटली का?"

"सुटली."

"वेळेवर सुटली," असं म्हणून आप्पा घड्याळ बघायचे, आणि विश्वजीत दार लावून घ्यायचा, कारण मॅच अजून चालू असायची.

समोरच्या फ्लॅटमधले निजामुद्दीनभाई छावणी बाजारातलं आपलं चष्म्यांचं दुकान पोरावर सोपवून घरीच असत. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं किल्ली हरवली. कारण कळल्यावर ते हसले नाहीत. दाराच्या आतून विश्वजीतला त्यांचं बोलणं ऐकू यायचं, जाहिराती लागल्या की.

"हौ, होता है आप्पासाब. हमारे अब्बा मेरेको पतंग के टाइम छत पे से उतार देते थे. बोलते, तू देखा के पतंग कटती."

"मंग तुम्ही काय करायचे?"

"नीचे बैठ के आसमान की तरफ पीठ करता था. कटती तो थी फिर भी. पर नाम मेरे पे नहीं आता था ना."

"आमच्यावर येतं," आप्पा म्हणाले, "पण चांगल्यासाठी."

दोघांचा चहा आमरीन, निजामुद्दीनभाईंची सून, बाहेरच आणून द्यायची. विश्वजीतला ते बरं वाटायचं. आप्पांना सोबत मिळाली, असं तो तनुजाला म्हणालासुद्धा. तनुजा म्हणाली, "सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात हे ऐकून होते. सासऱ्याला म्हणायची पद्धत तुमच्यापासून सुरू झाली." तो म्हणाला, अगं ते स्वतः जातात. ती म्हणाली, "आम्ही पण स्वतःच जायचो, माजघराबाहेर, महिन्याचे चार दिवस." तितक्यात एल्मबरोला कॉर्नर मिळाला आणि तो पडद्याकडे वळला.

सहावा सामना मोठ्या संघाशी होता. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता आणि जिन्याला नुसती जाळी आहे. तनुजा माहेरी गेलेली. निजामुद्दीनभाई कुठल्याशा लग्नाला. एल्मबरो जिंकलं, तेही तीन गोलांनी, आणि विश्वजीत जांभळ्या शर्टात घरभर फिरला. फोन लागला, होस्टेलचा जुना मित्र, मग दुसरा. दोघांनाही त्यानं शेवटचा गोल पायात चेंडू असल्यासारखा करून सांगितला. मग कढी गरम करून जेवला. ताट धुवायला टाकताना त्याला सिंकमध्ये एकच ताट दिसलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, आज एकाही गोलला दार उघडलेलं नाही. दार उघडलं तर आप्पा तिथंच होते. शर्ट एका बाजूनं भिजून अंगाला चिकटला होता. ते म्हणाले, "सुटली का?" त्याला वाटलं होतं ते रागावतील. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांना आतला आरडाओरडा ऐकू आला होता, पण नियंत्रकानं ऐकीव माहितीवर नोंद घेऊ नये हा त्यांचा जुना दंडक.

खोकला त्याच रात्री लागला. छातीत कफ झाला तेव्हा विशाखाताई आली, जिना चढताना तिला ती खुर्ची दिसली, आणि आमरीननं सहज सांगितलं की दादाजी इथंच बसतात, मॅच असली की. ताई आत आली ती ओरडली नाही. तिनं आप्पांची पेटी भरली. दाढीचा डबा घेतला. दारात एवढंच म्हणाली, "विशू, आईला देवानं आधी नेलं ते बरं झालं." आप्पा जाताना जिन्यात थांबले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि विश्वजीतला म्हणाले, "ही आत घे रे. कुणी नेईल." त्यानं ती आत घेतली नाही. कुणी नेलीही नाही.

आणि मग एल्मबरो हरायला लागलं. एक हरलं, एक बरोबरीत सुटलं, एक पुन्हा हरलं. आज हे चौथं. विश्वजीतला आप्पांची आठवण येत होती, रोज, विशेषतः सकाळी दाढीच्या साबणाचा वास नसलेल्या बाथरूममध्ये. पण शनिवारी ती जास्त यायची, आणि तिथंच गोम होती. पडेगाव काही परदेश नव्हे. स्कूटरवर दहा मिनिटं. तरी तो गेला नव्हता. जाऊन "घरी चला" म्हणायचं तर आधी स्वतःला विचारावं लागलं असतं की बाप पाहिजे की खुर्चीतला माणूस पाहिजे. रात्री कूस बदलताना त्यानं हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तपासला. मोजमाप होईना. बाप वेगळा काढून बघावा तर त्याच्याबरोबर थोडं एल्मबरो येई. शाळेत असताना आईनं दिलेला डबा घेऊन तो एकदा स्टँडवर गेला होता, तेव्हा आप्पांनी त्याला काचेच्या खोलीत घेतलं. ते नियमात नव्हतं. तिथं एकच स्टूल होतं. त्याच्यावर त्याला बसवलं आणि स्वतः पूर्ण ड्युटी उभं राहून काढली. कुणी साहेब विचारायला आला तर म्हणाले, "बसू द्या, पोरगंय, बाहेर लई ऊन हाय." हे त्याला चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं, आता टीव्हीवर चेंडू बाहेर गेला की आठवायचं.

हाफटाइमची शिट्टी वाजली. तनुजा ओल्या हातानं बाहेर आली. "मघाशी हाक मारलीत," ती म्हणाली. "कुणाला मारलीत?"

"सवय."

"आप्पांना की नशिबाला?"

तो उठला. किल्ली घेतली. नगर नाक्याच्या अलीकडे दौलताबादच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं. मॅच टाकून निघालो, असं. मग पडेगावच्या वळणावर लक्षात आलं की आपण हाफटाइमलाच निघालोय आणि रस्ता दहाच मिनिटांचा आहे. काही बुडणार नव्हतं.

ताईचं घर बसकं, पुढं ओटा. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची, इथली निळी. खुर्चीत आप्पा, गळ्याला मफलर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घड्याळ, भांग. त्यांच्या मागं दार लावलेलं आणि खिडकीतून टीव्हीचा उजेड हलत होता.

"आप्पा, इथं काय करताय?"

"ड्युटी," आप्पा म्हणाले.

ताईनं दार उघडलं. तिनं भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शर्टाखालून जांभळी कॉलर दिसत होती. "ये," ती म्हणाली. "बघ तूच. शनवार आला की मला टीव्ही लावायला लावतात अन् बाहेर येऊन बसतात. आत कुणीच नाही. मी पोळ्या करते अन् तुझी ती माणसं पळतात एकटीच. आत या म्हटलं तर म्हणे त्याचं नुकसान होईल."

विश्वजीतला वाटलं होतं आप्पांना त्या जिन्यातल्या खुर्चीतून सोडवलं गेलं. "आप्पा," तो म्हणाला, "आत चला. सोबत बघू."

"नको. मागं पडलेत का?"

"एकनं. पण चला तुम्ही."

"बग बरं. मंग म्हणशील."

"नाही म्हणणार."

आप्पांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, गाडी खरंच रद्द झाली का याची खात्री करून घेत असल्यासारखं. मग उठले. दोघं दिवाणावर शेजारी बसले. ताईनं टीपॉयवर दोघांसाठी पाण्याचे पेले ठेवले आणि आत गेली, पण पोळी लाटायचा आवाज लगेच आला नाही. दुसरा हाफ सुरू झाला होता. आप्पा पुढं वाकून बघत होते. दाढीच्या साबणाचा वास येत होता.

"त्यो सोनेरी केसांचा कुठंय? एकटा पळायचा त्यो."

"गुडघा गेला त्याचा. दुसऱ्याच मॅचला."

"मला नाय सांगितलं."

"तुम्ही बाहेर होता."

"व्हय," आप्पा म्हणाले. "बाहेर होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "बरा पोरगा होता." आणि विश्वजीतनं पेला, चमचा असं काही न मांडता सांगितलं की आता त्याच्या जागी कोण, तो कुठून आला, आणि आप्पांनी विचारलं की याचा पगार त्याच्याहून जास्त का, आणि विश्वजीतचा आवाज पुन्हा तसा झाला. एल्मबरो हरत होतं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्यानं हे तपासून पाहिलं, खरंच वाटत नव्हतं. त्याला वाटलं, सुटलो.

तेव्हा शेवटाकडे एल्मबरोचा माणूस गोलसमोर आडवा पडला आणि शिट्टी वाजली. पेनल्टी. बरोबरी होणार होती. विश्वजीतचा पाठकणा आपोआप ताठ झाला. एवढंच. त्यानं दाराकडे पाहिलं नाही. निदान पाहिलं असं त्याला वाटलं नाही. पण आप्पांनी हजारो प्रवाशांचे चेहरे काचेतून वाचले होते. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"मी जरा पाणी पिऊन येतो," ते म्हणाले.

पाण्याचा पेला त्यांच्यासमोर होता. भरलेला. विश्वजीतला तो दिसत होता. बसा, एवढाच शब्द होता, दोन अक्षरांचा, आणि तो त्याच्या घशापर्यंत आलाही. पडद्यावर जांभळ्या शर्टातला माणूस चेंडू ठेवत होता, मागं सरत होता. दिवाणाची एक बाजू हलकी झाली. दाराची कडी वाजली, मग दार हळूच लागलं, आतल्याला त्रास होऊ नये असं.

चेंडू खांबावरून वर गेला, प्रेक्षकांत.

बाहेरून आवाज आला, "सुटली का?"

विश्वजीतला दोन्ही उत्तरं दिसली. सुटली म्हणावं, तर हा माणूस जन्मभर त्या खुर्चीत समाधानानं बसेल. "नाही आप्पा," तो म्हणाला. "वरून गेली. काही उपयोग नाही त्याचा. या आत."

बाहेर काही वेळ नुसता खोकला. मग आप्पा म्हणाले, समजूत घालावी तसं, "इथून माझं बसणं पोचत नसंल रे. लांब पडतंय."

आणि खुर्ची ओट्यावरून सरकवल्याचा आवाज आला, थोडी, मग आणखी थोडी, छावणीच्या बाजूला. पोळपाटाचा आवाज थांबला होता. पडद्यावर जादा वेळेचा फलक वर झाला. थोडाच वेळ राहिला होता. विश्वजीत उठणारच होता.